गोमुखात अडकलेला हत्ती: अंग आणि वावर, आवृत्ती तिसरी

गेल्या रविवारी आमच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या (फाशांनी टेबलावर खेळायचा भूमिका-खेळ) मोहिमेत हत्ती मेला. दोन राउंडात, म्हणजे लढाईच्या दोन फेऱ्यांत. पार्टीने तीन सेशन घासाघीस करून भाड्याने मिळवलेला, ७६ हिट पॉइंटचा (तेवढा मार बसला की खलास), ज्याला बार्बेरियनने नाव ठेवलं होतं आणि ड्रुइड रोज ऊस खाऊ घालत होती, तो. (खेळाडूंना मी त्यांच्या पात्रांच्या नावानेच हाक मारतो.) त्यानंतर ४५ मिनिटं खेळ बंद आणि भांडण चालू.

मागच्या नोंदीत मी, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, छातीठोकपणे लिहिलं होतं की अवाढव्य प्राण्यांसाठी वेगळा हाउस रूल (आपल्या टेबलापुरता घरगुती नियम) लागत नाही, पुस्तकातलं स्क्वीझिंग (अरुंद जागेतून अंग चेपून जाण्याचा नियम) पुरे. शब्द मागे घेतो.

झालं असं. आमची मोहीम सह्याद्रीच्या धाटणीची आहे हे जुन्यांना ठाऊक आहेच. किल्ल्याचं प्रवेशद्वार मी रायगडाच्या महादरवाज्यावरून उचललं: गोमुखी बांधणी, दोन बुरुजांच्या कवेत दरवाजा लपलेला, समोरून दिसतच नाही. वाट १० फूट रुंद, ३० फूट सरळ, मग काटकोनात वळण, मग १५ फूट आणि दरवाजा. हत्ती खेळाच्या पाचव्या आवृत्तीत ह्यूज, म्हणजे १५ बाय १५ फूट, तीन बाय तीन चौकोन. (आम्ही अजून २०१४ च्याच पुस्तकांवर आहोत, नवी घ्यायला कोणी वर्गणी काढत नाही.) १० फुटी वाटेत ह्यूज प्राणी म्हणजे स्क्वीझिंग: चाल निम्मी, त्याच्या हल्ल्यांना डिसॲडव्हांटेज (फासा दोनदा, कमी आकडा धरायचा), त्याच्यावरच्या हल्ल्यांना ॲडव्हांटेज (दोनदा, जास्त तो धरायचा). बुरुजावर माझे सात तिरंदाज. खेळ खलास.

नंतर घरी हिशेब मांडला. तिरंदाजाचा हल्ला +४ (फाशात मिळवायचे), बाण सरासरी साडेसहाचा, हत्तीचा एसी (बाण लागायला गाठायचा आकडा) १२. ॲडव्हांटेज धरून सात बाणांचे राउंडाला सुमारे ४० होतात, नसतं तर ३०. म्हणजे हत्ती तसाही तिसऱ्या राउंडात गेलाच असता. पण तोवर दरवाज्याला एक धडक बसली असती, आणि भांडण मरण्यावरून नव्हतंच. बार्बेरियन म्हणाला, "अरे, लहानपणी मिरवणुकीत आमच्या आळीतून हत्ती जायचा. दोन्ही बाजूंना ओट्यांवर बायका उभ्या असायच्या. तो काय अंग चोरून जात होता?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुस्तकाकडे आहे, पण अर्धंच. पुस्तक साफ सांगतं की प्राण्याची जागा म्हणजे त्याच्या देहाचं माप नव्हे, लढताना तो जेवढा भाग ताब्यात ठेवतो तेवढी ती जागा. माणूस काही पाच फूट रुंद नसतो. इथवर मान्य. पण मग अरुंद वाटेत शिरताना तेच पुस्तक त्या ताब्यालाच देह समजून चेपायला लागतं. माझ्या मते सगळी गडबड इथे आहे: दोन वेगळ्या गोष्टींना एकच आकडा.

पूर्वी असं नव्हतं, हे मी प्रत्येक भांडणात सांगतो आणि प्रत्येक वेळी लोक जांभया देतात. खेळाच्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत घोडा ५ बाय १० फूट होता, लांबट, घोड्यासारखा. २००३ च्या साडेतीनमध्ये (३.५ आवृत्तीत) तो १० बाय १० चा चौरस झाला. कारणही पटण्यासारखं आहे: सहा सेकंदांच्या राउंडात प्राणी चहूकडे फिरतो, मग तोंड कुठे आणि शेपूट कुठे ह्याची नोंद कोण ठेवणार? मोकळ्या मैदानात मीही चौरसाच्या बाजूचा. बोळात नाही.

तर नवा रूल. प्रत्येक मोठ्या प्राण्याला दोन मापं: अंग आणि वावर. वावर म्हणजे पुस्तकातला चौरस, जसा आहे तसा. अंग म्हणजे खरा देह. ("वावर" ऐकून आमचा अमरावतीकर रोग (भामट्याचं पात्र खेळणारा) पाच मिनिटं हसत होता. त्याच्याकडे वावर म्हणजे शेत. हत्तीला तीन बाय तीनचं शेत मिळालं म्हणे.) मैदानात वावर चालतो. भिंती आड आल्या की अंग बघायचं. अंग मावतंय पण वावर मावत नाही, तर चाल पूर्ण आणि ॲडव्हांटेज कोणालाच नाही. फक्त प्राण्याला जागेवर मागे फिरता येत नाही, तो समोरच्यावरच हल्ला करू शकतो आणि मागून मारणाऱ्याला ॲडव्हांटेज. अंगही मावत नसेल तेव्हाच जुनं स्क्वीझिंग.

ह्या रूलच्या पहिल्या आवृत्तीत हत्तीचं अंग मी दोन बाय तीन चौकोन धरलं. ड्रुइडने ते तिथल्या तिथे मोडीत काढलं. ती आर्किटेक्ट आहे, जिन्यातून सोफा वर जाईल की नाही हे तिला पोटापाण्यासाठी बघावं लागतं. तिचं गणित सोपं आहे: बोळाच्या रुंदीला १.४१४ ने गुणा, त्यातून वस्तूची रुंदी वजा करा, उरेल त्याची दुप्पट. तेवढ्या लांबीची आयताकृती वस्तू काटकोनी वळणावरून फिरते, त्याहून लांब अडकते. १० फुटी बोळात १० फूट रुंद अंग? जास्तीत जास्त लांबी ८.२८ फूट. माझा १५ फुटी हत्ती वळणावर कायमचा चिणला जाणार. (आयत सोडून कुठलाही आकार चालेल म्हटलं की हे प्रकरण फार अवघड होतं. १९६६ मध्ये मांडलेला सोफ्याचा प्रश्न हाच: वळणावरून जाईल असा सर्वांत मोठा आकार कोणता? गणितज्ञ गर्व्हरचा १९९२ चा आकारच सर्वांत मोठा, असा दावा करणारी सिद्धता २०२४ च्या अखेरीस मांडली गेली. आम्हाला आयत पुरे.)

दुसरी आवृत्ती: हत्ती खरोखर किती रुंद? आम्ही सोंड गुंडाळून ६ बाय १६ फूट धरला. १४.१४ वजा ६, त्याची दुप्पट १६.२८. फिरतो! जेमतेम साडेतीन इंच राखून, पण फिरतो.

आता ती रात्र. एक इंचाला ५ फूट ह्या मापाने ५ मिमीच्या सनबोर्डमधून हत्ती कापला: ३०.५ बाय ८१.३ मिमी. नवं ब्लेड घातलं, स्टीलची पट्टी लावली, कडा पॉलिश पेपरने घासल्या. मॅटवर (फ्लेक्सवर छापून घेतलेला इंचाच्या चौकोनांचा पट) गोमुखाच्या भिंती म्हणून जुन्या डायऱ्या रचल्या आणि हत्ती सरकवला. अडकला. तिरका करून बघितला, मागे घेऊन पुन्हा घातला, दोन्ही बाजू डायरीला टेकलेल्या आणि आतला कोपरा पोटात रुतलेला. फरक केसाचा नाही, चांगला सहा-सात मिलिमीटरचा. गणित तीनदा तपासलं. रात्री साडेबाराला ड्रुइडला मेसेज टाकला की तुझं सूत्र चुकीचं आहे. तिने उत्तरात फक्त पट्टीचा फोटो पाठवला.

मॅटवरचे दहा चौकोन मोजले. २५.४ सेंमी हवे होते. भरले २४.

फ्लेक्सवाल्याने "थोडं बसवून घेतलं" होतं. सहा बाय चार फुटांच्या फ्लेक्सला मांडव बांधायचा समास सोडावा लागतो, म्हणून त्याने फाइल आक्रसली आणि सांगितलं नाही. दहा महिने आम्ही २४ मिलिमीटरच्या चौकोनांवर खेळतोय आणि मी मिनीच्या (पात्रांच्या छोट्या पुतळ्यांच्या) २५ मिमी बेसना शिव्या देतोय की हे नेहमी रेषेवर का येतात! १० फुटी बोळ कागदावर ४८ मिमी झाला की त्यात ३०.५ रुंदीचा हत्ती जास्तीत जास्त ७५ मिमी लांबीचा फिरतो. माझा ८१ चा. सूत्र बरोबर, हत्ती बरोबर, जमीन चोरलेली.

मग चार्ट पेपरवर पेन्सिलीने नीट ५०.८ मिमीचा बोळ काढला. डायऱ्या पुन्हा रचल्या. हत्ती सरकवला, नाक बाहेरच्या भिंतीला लावून हळूहळू फिरवला, आतला कोपरा बरगडीपाशी आला, पाऊण मिलिमीटर फट उरली, आणि तो गेला. दाराशी उभा. मी एकटाच होतो, तरी टाळी वाजवली.

तिसरी आवृत्ती म्हणजे ह्याचंच टेबलावर चालेल असं रूप, कारण दर वळणाला सनबोर्ड फिरवत बसलो तर लोक उठून जातील. ग्रिडवर हत्तीचं अंग एक बाय तीन. काटकोनी वळणाला चालीतले १० फूट जादा. घोडा एक बाय दोन, त्याला वळणाला ५ फूट. घोड्याचं गणितही जमतं: अडीच फूट रुंदीचा प्राणी ५ फुटी गल्लीच्या वळणावर ९ फूट लांबीपर्यंत फिरतो. पुस्तकात हाच घोडा त्या गल्लीत स्क्वीझ होऊन ६० ची चाल ३० वर आणतो. मग तबेल्यातून बाहेर कसा येतो देव जाणे.

आणि आता खरी मजा. पुस्तकातला हत्ती तुडवत जायला किमान २० फूट सरळ धाव मागतो. चाल ४०. माझ्या गोमुखात पहिला टर्न: ३० फूट सरळ, १० वळणाचे, संपला. दुसरा टर्न: दरवाज्यापर्यंत १५ फूट. धाव पुरतच नाही! गोमुखी दरवाजे बांधणाऱ्यांचा हिशेबही हाच, हत्तीला धडकेसाठी पल्ला मिळू द्यायचा नाही. आणि तरीही पोचलाच तर कपाळाच्या उंचीवर खिळे, शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावर आजही आहेत तसे. स्क्वीझिंगने मी हत्तीला चेपून मारत होतो. नुसती वाट वाकडी असली तरी काम होतं. हे कळल्यावर मी तिरंदाज सातावरून चारावर आणले.

हे लिहिता लिहिता उडीचं कलम पुन्हा वाचलं आणि कपाळावर हात मारला. धाव घेऊन लांब उडी म्हणजे स्ट्रेंग्थचा आकडा तितके फूट. हत्तीची स्ट्रेंग्थ २२. म्हणजे तो २२ फुटी खंदक ओलांडतो. उंच उडी ३ अधिक मॉडिफायर (स्ट्रेंग्थवरून मिळणारा आकडा, इथे ६), म्हणजे ९ फूट! हत्ती उडी मारत नाही हो, प्राणिसंग्रहालयात त्याला अडवायला कोरडा चर पुरतो. तर नवं कलम: अंग तीन चौकोनी किंवा त्याहून मोठं असलेल्या चतुष्पादाला उडी नाही. उलट धावण्यात पुस्तक त्याच्यावर अन्याय करतं. ४० फूट म्हणजे ताशी सव्वासात किलोमीटर, डॅश (त्या टर्नला दुप्पट चाल) धरून साडेचौदा. थायलंडमधल्या हत्तींवरच्या २००३ च्या अभ्यासात वेग ताशी २५ किलोमीटरच्या आसपास मोजला आहे. डॅश तिप्पट करावा का? मोकळ्या मैदानात, सरळ रेषेत, वळण न घेता? मोह होतोय. आधी गोमुख मार्गी लावू.

अजगराची बातमी थोडक्यात, कारण तिथे सगळं सुरळीत चाललंय. जायंट कन्स्ट्रिक्टरसाठी १५ फुटी चौरस मोडून चार तुकड्यांची साखळी केली. डोकं चालतं, बाकीचे तुकडे त्याच वाटेने मागोमाग, जुन्या नोकियातल्या सापासारखे. हल्ला आणि विळखा फक्त डोक्याच्या आवाक्यात, त्याच्यावर हल्ला कुठल्याही तुकड्यावर. फायरबॉल (आगीच्या गोळ्याचा मंत्र) कितीही तुकड्यांवर पडला तरी नुकसान एकदाच. रोगने लगेच विचारलं की प्रत्येक तुकडा जाताना अपॉर्च्युनिटी अटॅक (जवळून निसटणाऱ्यावर फुकटचा वार) मिळेल का. नाही. असा वार रिॲक्शनने होतो आणि राउंडाला रिॲक्शन एकच असते, गुमान बस.

तुकडे कॅरमच्या सोंगट्यांचे करू नका, मी करून बसलो. सोंगटी तीन सेंटिमीटरच्या वर भरते, इंचाच्या चौकोनाबाहेर सांडते. स्ट्रायकर मात्र लार्जच्या (ह्यूजच्या एक पायरी खालच्या आकाराच्या) दोन इंचात छान बसतो. दहाचं नाणं २७ मिमी, तेही किंचित जास्तच. सनबोर्ड कापा, स्वस्त आहे. आणि फ्लेक्सवर व्हाइटबोर्ड मार्कर रात्रभर ठेवला तर तो नुसत्या फडक्याने निघत नाही, सॅनिटायझर लागतं.

तिरक्या चालीवरची मतं मागच्याच नोंदीत आली, बदललेली नाहीत. दहा चौकोन तिरके म्हणजे खरे ७०.७ फूट. दर तिरक्या चौकोनाला सरसकट पाच फूट धरलं तर ५० होतात, आळीपाळीने पाच-दहा-पाच धरलं तर ७५. मी दुसऱ्याच्या बाजूने, बार्बेरियन पहिल्याच्या, कारण त्याला मोजायचा कंटाळा.

उरलेला घोळ एकच. काल ड्रुइडने विचारलं, "गोमुखात दोन हत्ती एकामागे एक असले आणि पुढचा बिथरला तर?" माझ्या रूलप्रमाणे अंग मावतं पण मागे फिरता येत नाही, म्हणजे दोघांनाही उलटं चालत यावं लागणार. उलट्या चालीचा रूलच नाही. निम्मी चाल ठेवणार होतो, पण वळण उलट्याने घेणं म्हणजे माहुताचं कौशल्य, तिथे ॲनिमल हँडलिंगचा (प्राणी आवरण्याच्या कौशल्याचा) रोल हवा, आणि फसला तर मागचा हत्ती प्रोन, म्हणजे आडवा? हत्ती बोळात प्रोन पडला तर वाटच बंद. हे तिला सुचलंय आणि ती दुसरा हत्ती विकत घेण्यासाठी पैसे जमवतेय, ह्यावरून मला कळलं की त्यांना आता किल्ल्यात शिरायचंच नाही, आतल्यांना कोंडायचं आहे. बाहेरून. माझ्या हत्तीने.

रविवारच्या आत त्या रोलचा डीसी (फाशाने गाठायचा आकडा) ठरवतो. फ्लेक्सची नवी फाइल दिली आहे. ह्या वेळी कोपऱ्यात दहा इंचांची पट्टी छापायला लावली आहे, दुकानातच मोजणार आणि मगच पैसे देणार.