आमची वाटचाल : नौपाड्यातलं कानाच्या मशीनचं दुकान

मुलगी कधीची मागे लागलीये की बाबा लिहा एकदा, म्हणून लिहितोय. मी डॉक्टर नाही, ऑडिओलॉजिस्ट म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारा तज्ज्ञही नाही, माझं मूळ काम सोल्डरिंगचं. लॅमिंग्टन रोडला एका शेठकडे रेडिओ-टेप दुरुस्त करायचो, तिथे कानाची ती खिशातली मशीनं यायची, डबी शर्टाच्या खिशात आणि वायर कानापर्यंत, आणि बहुतेक वेळा वायरच तुटलेली असायची. त्यात हात बसला. पुढे ठाण्यात नौपाड्यात गाळा घेतला तेव्हा पार्टनर म्हणून ताई आल्या, बांद्र्याच्या अली यावर जंग या श्रवणदोषांवरच्या संस्थेतून शिकलेल्या, आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं रजिस्ट्रेशन असलेल्या ऑडिओलॉजिस्ट. टेस्ट आणि मुलांची स्पीच थेरपी त्यांची, साचे, म्हणजे मशीनचा कानात बसणारा, मापाने केलेला भाग, आणि सर्व्हिसिंग माझं. ही वाटणी आजही तशीच आहे.

साच्याच्या बाबतीत मी हट्टी आहे. आधी ऑटोस्कोपने, म्हणजे कानात बघायच्या बॅटरीने, कान बघायचा, मळ दिसला तर ईएनटीकडे पाठवायचं, मग दोरा बांधलेला ब्लॉक, म्हणजे छोटा बोळा, पडद्याच्या अलीकडे बसवायचा आणि मगच सिरिंजने माप घ्यायचं मटेरियल भरायचं. ब्लॉक न लावता भरणारे बघितलेत मी, अंगावर काटा येतो. लहान मुलांचा कान वाढतो तसा साचा सैल होतो, तो बदलावाच लागतो, आईबाप म्हणतात मागच्याच वर्षी तर केला, अहो पण चप्पल नाही का बदलत?

सगळं बरं चाललं होतं, साउंडप्रूफ बूथसाठी लोनही काढलं, आणि नेमकं तेव्हाच आमच्याच रस्त्यावर ते चकाचक दुकान आलं. नाव घेत नाही. काचेचा दरवाजा, एसी, फुकट टेस्ट. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये क्लबहाउसला कॅम्प लावायचे, बाहेर जनरेटर, आत पंखे, आणि तिथेच हेडफोन घालून टेस्ट. आता धंद्यातल्या माणसाला सांगायला नको, आजूबाजूला घरघर असली की 250 आणि 500 हर्ट्झचे, म्हणजे खालच्या जाड सुरातले, हलके आवाज ऐकूच येत नाहीत, म्हणजे धडधाकट कानाचाही ग्राफ खाली. मग त्या ग्राफवर मशीन लावायचं, खालचे आवाज फुगवून, की माणसाला स्वतःचाच आवाज मडक्यात बोलल्यासारखा. सैल साच्यातून आवाज गळून मशीनची शिट्टी वाजली तर साचा नवा करायचा सोडून वरची फ्रिक्वेन्सी उतरवायची. शिट्टी बंद, पण स, श, फ सगळे गायब! मग आजोबा म्हणणार आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, आणि मशीन कपाटात.

त्यात आमच्याकडे ताईंच्या हाताखाली तयार झालेला पोरगा त्यांनी दुप्पट पगारावर नेला. आमच्या रजिस्टरमधल्या लोकांना तिकडून फोन जायला लागले, कसे ते देवाला ठाऊक. बूथ रिकामा आणि बँकेचा हप्ता चालू. बायकोच्या बांगड्या गहाण गेल्या. ताईंनी किती महिने एक पैसा घेतला नाही, वर मुलांच्या थेरपीची फी वाढवू नका म्हणून माझ्याशीच भांडल्या. सोडून गेल्या असत्या तर मी शटर ओढलं असतं.

आणि साथ न सोडणारे दुसरे म्हणजे आमचे वागळे इस्टेटवाले काका. उभा जन्म प्रेस शॉपमध्ये, कानात कधी बोळाही नाही, त्यामुळे ऑडिओग्रामला, म्हणजे ऐकण्याच्या ग्राफला, 4000 हर्ट्झवर खड्डा. गडकरी रंगायतनला नाटक बघायचं, हा एकच हट्ट. आधी स्क्रू ड्रायव्हरने ट्रिमर, म्हणजे आवाज जुळवायचा बारीक स्क्रू, फिरवायचं मशीन होतं, मग डिजिटल आलं, पण दर वेळी पुढच्या रांगेत बसून येणार आणि कुठल्या नटाचं काय ऐकू आलं नाही ते कागदावर लिहून आणणार, त्यावरून ताई प्रोग्रॅमिंग करणार. त्या वाईट दिवसांत काका सकाळपासून आमच्या बाकड्यावर बसायचे आणि कुणी आलं की सांगायचे, आधी तिकडे जाऊन या, मग इकडे याच. मला घाम फुटायचा, पण लोक खरंच परत आले, कपाटातली मशीनं घेऊन.

एक सांगतो, विचारलं नसलंत तरी. मशीनच्या बॅटरीचं, म्हणजे सेलचं, स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबा, हवा लागू दे, मगच बसवा. पावसाळ्यात मशीन रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवा, देव्हाऱ्यात नाही. आजीचा मोतीबिंदू असेल, बोटं थरथरत असतील तर पिवळ्या पाकिटातला तो 10 नंबरचा चिमुकला सेल तिच्या गळ्यात मारू नका, रिचार्जेबल घ्या नाहीतर 13 नंबरचा मोठा सेल लागणारं मशीन. आणि बाळ जन्मलं की ओएई, म्हणजे बाळाला ऐकू येतं का बघायची, टेस्ट करून घ्या, मुलगा आहे उशिरा बोलेल म्हणत दोन-तीन वर्षं घालवू नका, त्या वर्षांत शिकायची भाषा नंतर ताईंना फार घाम गाळून शिकवावी लागते.

ते काचेचं दुकान आता नाही, तिथे मोमोजवाला आहे. त्यांची गिऱ्हाइकं मात्र अजून येतात. ट्यूब बदलून देतो, साचा करून देतो, साफ करून देतो. पण काही मशीनं त्यांच्याच सॉफ्टवेअरला लॉक केलेली आहेत, ती आमच्या केबलने उघडत नाहीत, तेव्हा काउंटरवर माझ्यावर ओरडू नका, बिल ज्यांचं आहे त्यांना शोधा.