मूळ इंजिन कधी बसवताय?

जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात हा प्रश्न येतो, नात्यातल्या लग्नाच्या पंगतीत येतो, परवा धरमपेठेत भाजी घेतानाही आला. विचारणाऱ्याला सगळं ठाऊक असतं. काटोलकडच्या एका संत्र्याच्या बगीच्यातून मी फोर्डची युद्धकाळातली जीप उचलून आणली, तिच्यात पर्किन्सचं डिझेल इंजिन आहे आणि तिच्या मूळ जातीचं पेट्रोल इंजिन माझ्याच शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून आहे. मग अडलंय कुठे? आजवर "बघू", "मिस्त्रीला वेळ नाही", "पैसे जमले की" अशी उत्तरं देत आलो. पैसे खरंच जमलेले नाहीत, पण ते कारण नाही. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो.

जीप अस्सल युद्धकाळची आहे, तेव्हा इंजिनही मूळचंच हवं, हे तुमचं म्हणणं खोटं आहे असं मी म्हणत नाही. आपल्याकडे कुठलीही जुनी जीप दिसली की लोक तिला 'वर्ल्ड वॉरची' म्हणतात आणि बहुतेक वेळा ती महिंद्राची निघते. १९४७ पासून मुंबईत विलिज या अमेरिकी कंपनीच्या जीपची जुळणी सुरू झाली, तिच्या पुढच्या पिढ्यांतली. मीसुद्धा तसंच काही असेल असं धरून गेलो होतो. पण समोरच्या जाळीला नऊ फटी दिसल्या. नंतरच्या नागरी जीपला सात असतात. पोटावर सरपटत खाली गेलो आणि बंपरच्या मागची आडवी पट्टी चाचपली. विलिजला तिथे गोल नळी असते, हिला तीन बाजूंनी वळवलेला पत्रा होता, तोंड खाली. मग तारेच्या ब्रशने एका बोल्टचं डोकं घासायला घेतलं. आधी वाळलेली काळी माती सुटली, मग ग्रीसचा थर, मग निळा ऑइलपेंट, मग हिरवट काहीतरी, आणि शेवटी लोखंडात उठलेलं वळणदार 'एफ'. फोर्ड कंपनी जीपच्या सुट्या भागांवर, अगदी बोल्टांवरही, आपलं अक्षर उठवायची. शेजारचा बोल्ट घासला, त्यावरही होतं. हात थरथरत होते हे सांगायला मला लाज वाटत नाही.

१९४२ ते १९४५ या काळात फोर्डने अशा पावणेतीन लाखांहून जास्त जीपा बनवल्या. नकाशा विलिजचा आणि इंजिनही विलिजच्याच रचनेचं, २.२ लिटरचं, ६० अश्वशक्तीचं. त्यातली एक नरखेड रस्त्याच्या आतल्या बाजूला, कोठ्याशेजारी कडुनिंबाखाली, मागच्या सीटवर पऱ्हाट्यांचा भारा घेऊन उभी होती. चाकं तुंब्यापर्यंत मातीत. अशी गाडी सापडल्यावर माणूस काय ठरवेल? मी तेच ठरवलं. घरी न्यायची, खरवडायची, शेतकऱ्याने केलेलं सगळं काढून टाकायचं आणि तिला १९४३ मध्ये नेऊन ठेवायचं. जीप जागची हलायच्याही आधी मी बंगालमधल्या पानागढच्या लष्करी भंगाराच्या बाजारातून ते पेट्रोल इंजिन मागवलं होतं. तेव्हाच्या माझ्याशी आज मी भांडतो, पण त्याला मूर्ख म्हणत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर फक्त कारखाना होता.

आता उचलण्याच्या दिवसाबद्दल.

मालक जाऊन काही वर्षं झाली होती. दोन मुलांनी जीप भंगारवाल्याला किलोच्या भावात देऊन टाकायचं ठरवलं होतं, गॅस कटरवाला येऊन बघूनही गेला होता. मी त्या भावापेक्षा जास्त दिले. "म्हाताऱ्या बाईची जीप उचलून नेली" असं जे माझ्या पाठीमागे बोलतात, त्यांनी एवढं लक्षात घ्यावं की मी गेलो नसतो तर आठवडाभरात तिचे तुकडे झाले असते. कागदावर दोघा मुलांच्या सह्या आहेत, त्यांच्या आईचा, म्हणजे आजींचा, अंगठाही आहे. हे पुनःपुन्हा सांगावं लागतं याचाच मला त्रास होतो.

आदल्या रात्री पाऊस पडला होता. हायड्रा क्रेन धुऱ्यापाशीच फसली, पुढे येईना. शेवटी ट्रॅक्टरने टोचन करून जीप रस्त्यापर्यंत न्यायचं ठरलं. ब्रेक जाम होते, म्हणून ड्रम उघडत बसलो. मागच्या उजव्या चाकापाशी आलो तर चाकाच्या डिशवर एक भलीमोठी पुली वेल्ड केलेली. ती कोठ्याच्या खांबाला अडत होती. थोरला मुलगा म्हणाला, "कापून टाका ना जी, तिचा आता काय उपेग?" मिस्त्रीने कटर पेटवला.

तोवर आजी ओट्यावर तूर पाखडत बसल्या होत्या. सकाळपासून एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या सूप ठेवून उठल्या आणि जवळ येऊन म्हणाल्या, "थे कापू नोका."

मिस्त्रीने कटर बंद केला. थोरला चिडला. आजींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही, माझ्याकडे बघून बोलत राहिल्या. संत्र्यावाल्यांना ताण म्हणजे काय ते सांगायला नको. आंबिया बहार, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावरचा फुलोरा, धरायचा तर हिवाळ्यात झाडांचं पाणी तोडायचं, झाड पानं पिवळी करेपर्यंत सोसू द्यायचं, आणि मग वेळेवर ताण तोडून पाणी द्यायचं. ती वेळ चुकली तर बहार गेला, फार लांबली तर झाडही जातं. एका वर्षी नेमकी ताण तोडायच्या वेळी गावची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. नवी लवकर येण्याची चिन्हं नव्हती. विहिरीत पाणी होतं, मोटर बंद. "मंग त्याईनं जीप विहिरीवर नेली," आजी म्हणाल्या. चाक दगडांवर उचललं, पुली जोडली, पुलीवरून पट्टा पंपाला, आणि जीपच्या इंजिनावर पाणी काढलं. रात्रंदिवस. जुन्या पेट्रोल इंजिनानं हे झालं असतं का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "थे तर वावरात जाऊस्तोवर गरम होये. हे डिझल त्याच्याच आधीच्या सालात बसवलं होतं, संत्रा इकून."

मग त्या पुढे गेल्या. अंधार पडायला आला होता. हेडलाइटच्या मागे हात घालून काहीतरी फिरवायला लागल्या. मुलगा म्हणाला, "काय करून राहिली वं माय?" ते फिरत नव्हतं. मिस्त्रीने थोडं डिझेल सोडलं, पक्कडीने चिमटीचा नट सैल केला, आणि आजींनी दिवा धरून सरळ वर उलटवला. त्याचं तोंड इंजिनाकडे झालं. युद्धकाळच्या जीपची ही खरी सोय आहे, रात्री दुरुस्ती करताना दिव्याचा उजेड इंजिनावर पडावा म्हणून कारखान्यानेच दिलेली. मी ती पुस्तकात वाचली होती, आणि सकाळपासून ते दिवे डोळ्यांसमोर असून मला आठवली नव्हती. दोन्ही मुलांना तर माहीतच नव्हती. आजींना होती, कारण त्या रात्री पट्टा घसरला किंवा नोझल अडलं की नवरा दिवा उलटवायचा आणि त्या पाण्याचा डबा घेऊन शेजारी बसायच्या. "मी इथीच बसून राहो," त्या म्हणाल्या. समोरच्या मडगार्डावर त्यांनी हात ठेवला, जागा दाखवल्यासारखा.

जाताना म्हणाल्या, "इंजिन तेवढं बदलू नोका जी. रंग-बिंग काय करा थे करा."

मी म्हणालो, "बघतो, आजी."

"बघतो म्हंजे?"

ट्रॅक्टरवाला हाका मारत होता. मी उत्तर दिलं नाही. चाक तसंच्या तसं काढून वेगळं ठेवलं, दुसरं चढवलं, आणि मध्यरात्रीपर्यंत जीप ट्रेलरवर नागपूरला आणली.

यावर मला ऐकायला मिळतं की मी भावनेत अडकलोय. अडकलोय, ठीक. पण दुसऱ्या बाजूला काय आहे तेही पाहा. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, मूळ स्वरूपात जपलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसलेली. नोंदणीचे वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. रोजच्या वापराला परवानगी नाही, ती मला नकोच आहे. चांगला नियम आहे, जुन्या गाड्या वाचवायला हवाच होता. पण या जीपचं आरसी बुक उघडलं की इंधनाच्या रकान्यात डिझेल आहे. ते इंजिन उंच, म्हणून बॉनेट मधोमध कापून वर पत्र्याचा फुगवटा वेल्ड केलेला आहे. बॅटरी सहा व्होल्टची बारा झाली आहे. म्हणजे नियमाच्या भाषेत, ज्या ज्या गोष्टींमुळे ही जीप शेतात इतकी वर्षं जगली, त्या सगळ्या तिच्या विरुद्ध जातात. पेट्रोल इंजिन बसवलं, बॉनेट बदललं, की ती 'मूळ' होण्याच्या जवळ जाते. डिझेल ठेवलं तर साधं नूतनीकरण, फिटनेस, पर्यावरण कर, आणि दर पाच वर्षांनी तोच फेरा.

शुद्धतेचा आग्रह धरणारे मित्र म्हणतात, गाडीचं मूळ ते कारखान्यातून निघाली त्या दिवशी ठरतं. मीही असंच म्हणायचो, त्यांच्यापेक्षा मोठ्याने. आज मला ते पुरेसं वाटत नाही. लष्कराकडे ही जीप किती वर्षं राहिली असेल? शेतात ती त्याच्या कितीतरी पट राहिली. युद्धकाळच्या लाखो जीपांपैकी पेट्रोल इंजिनाच्या, पांढरा तारा रंगवलेल्या देखण्या जीपा जगभर आहेत. चाकावर पुली लावून आंबिया बहार वाचवलेली मला तरी दुसरी माहीत नाही. विदर्भात अशा कितीतरी होऊन गेल्या असतील, सगळ्या कापल्या गेल्या. एक उरली तर तिच्यातलं नेमकं तेच आपण काढून फेकायचं?

पण लगेच तेव्हाचा मी उठून बोलतो, आणि त्याचं म्हणणंही मला खोडता येत नाही. तो म्हणतो, त्या बोल्टांवरचं 'एफ' पाहून तू आडवा झाला होतास ना? मग आता त्याची किंमत कमी कशी झाली? आणि डिझेलच्या धक्क्यांनी चेसिसला दोन ठिकाणी तडे गेलेत, ते दिसत नाहीत का? दिसतात. हलक्या पेट्रोल इंजिनासाठी बनवलेल्या चौकटीवर जड इंजिन किती वर्षं हादरत राहणार? आजींचा शब्द राखायला मी जीपच मोडीत काढली तर त्यात काय मिळवलं? यावर माझ्याकडे उत्तर नाही. "म्युझियममध्ये शेजारी दोन्ही इंजिनं ठेवा" असा सल्लाही मिळालाय. मला चालणारी जीप हवी आहे.

नोझल आणि पंप दुरुस्त झाल्यावर डिझेल इंजिन सुरू झालं. धूर भयंकर, पण आवाज लागलेला. धाकट्या मुलाला फोन करून ऐकवला. त्याने सांगितलं की आईने फोन कानाला लावून ऐकला आणि "ठेवलं त्याईनं" एवढंच म्हणाली. मी काहीच ठरवलेलं नव्हतं, आणि तरीही तो शब्द मी दुरुस्त केला नाही.

आता गोष्ट अशा जागी आली आहे की टाळता येणार नाही. गिअरबॉक्स उघडलेला आहे. डिझेल ठेवायचं तर मधली जोडपट्टी तशीच राहते, पेट्रोल बसवायचं तर ती निघते आणि क्लच वेगळा लागतो. मिस्त्रीला सामानाची यादी हवी आहे, त्याच्या गॅरेजमधली जागाही. मी त्याला दोन्ही मापांच्या क्लचप्लेट आणायला सांगितलंय. तो म्हणाला, एक वाया जाईल. मी म्हटलं, जाऊ दे, आण.