'टक्' वाजले पाहिजे : लँडिंग गिअरचे डाउनलॉक समजून घेताना

विमान देखभाल अभियंत्याच्या परवान्यासाठी ज्या परीक्षा द्याव्या लागतात, त्यांपैकी मॉड्यूल ११ मध्ये मी पहिल्या प्रयत्नात नापास झालो, आणि त्यात लँडिंग गिअरच्या, म्हणजे विमानाची चाके आणि ती धरणारे पाय यांच्या, प्रकरणाचा वाटा मोठा होता. आकृती पाठ होती, भागांची नावे तोंडावर होती. पण खाली आलेला गिअर खालीच का राहतो, म्हणजे त्याचे डाउनलॉक कशाने होते, या साध्या प्रश्नावर मी 'हायड्रॉलिक तेलाच्या दाबामुळे' असे मानून बसलो होतो. तो दाब पूर्णपणे गेला तरी धावपट्टीवर टेकताना पाय दुमडता कामा नये, हे माझ्या डोक्यातच आले नव्हते.

त्या काळात मी ऐरोलीला मावशीकडे राहत होतो. ती पोळी-भाजीचे डबे देते आणि ते भरण्यासाठी रोज सकाळी घडीचे लोखंडी टेबल उघडते. त्या टेबलाच्या पायाला दोन पट्ट्यांचा, मधोमध रिव्हेटने जोडलेला आडवा आधार आहे. एकदा मी तो नुसता सरळ करून डबे ठेवू लागलो, तर ती ओरडली, "अरे, मधला सांधा अंगठ्याने अजून खाली दाब! टक् वाजलं पाहिजे, नाहीतर सगळे डबे अंगावर येतील." मी खाली वाकून पाहिले. सांधा सरळ रेषेच्या किंचित पलीकडे जाऊन एका लहानशा खुंटीवर टेकला होता. आता पायावर भार आला की सांधा आणखी पलीकडे जाऊ पाहणार आणि खुंटी त्याला जाऊ देणार नाही; म्हणजे भार वाढला तर आधार उलट अधिक घट्ट बसतो. घडी घालायची तर सांधा आधी खालून वर ढकलावा लागतो, दुसरा मार्ग नाही.

विमानात याच युक्तीला 'ओव्हर-सेंटर' म्हणतात. मुख्य पायाला बाजूने धरणारा साइड-स्टे मधोमध दुमडतो; तो दुमडू नये म्हणून त्याच्या सांध्याला लॉक-स्टे नावाचा दुसरा, लहान दोन तुकड्यांचा दुवा जोडलेला असतो. सरळ रेषेपलीकडे जाऊन तो थांब्यावर टेकतो आणि स्प्रिंगा त्याला तिथेच ओढून धरतात. गिअर वर घेताना प्रथम एक लहान अनलॉक अ‍ॅक्च्युएटर (हायड्रॉलिक दाबाने ढकलणारा दट्ट्या) लॉक-स्टेचा हा सांधा मोडतो, म्हणजे मावशीच्या अंगठ्याचेच काम उलट दिशेने करतो, आणि मगच पाय हलतो.

दुसऱ्या प्रयत्नात मी उत्तीर्ण झालो, तरी विश्वास बसला तो पुढे प्रत्यक्ष प्रशिक्षणात. मुंबईतल्या एका हँगरमध्ये एअरबस ए३२० जॅकवर उचलून गिअर-स्विंग, म्हणजे गिअर वर-खाली करून पाहण्याची चाचणी, चालू होते. कॉकपिटमधल्या हातदांड्याचे तीन फेरे फिरवले की हायड्रॉलिक पुरवठा तोडला जातो, दरवाजे व पाय यांचे वरचे लॉक सुटतात आणि पाय निव्वळ स्वतःच्या वजनाने खाली येतात. मी मुख्य पायाच्या लॉक-स्टेवर नजर खिळवून, अर्थात सुरक्षित अंतरावर, उभा होतो. पाय जवळजवळ सरळ झाला, क्षणभर रेंगाळल्यासारखा वाटला, आणि स्प्रिंगांनी सांधा पलीकडे खेचला. आवाज टेबलापेक्षा बराच मोठा होता, पण होता 'टक्'च.

कॉकपिटमधले तीन हिरवे दिवे लागतात तेही लॉक पूर्ण झाल्यावरच. भाग जवळ आला की ते ओळखणारे प्रॉक्सिमिटी सेन्सर ते पाहतात. दिवा न लागणे म्हणजे लॉक न बसणे, असे मात्र प्रत्येक वेळी नसते. २९ डिसेंबर १९७२ रोजी ईस्टर्न एअर लाइन्सच्या फ्लाइट ४०१ मध्ये पुढच्या गिअरचा बल्ब जळालेला होता; त्यात गुंतलेल्या वैमानिकांचे कमी होत जाणाऱ्या उंचीकडे लक्ष राहिले नाही, विमान फ्लोरिडाच्या दलदलीत कोसळले आणि १०१ माणसे गेली. पुढचा गिअर खाली येऊन लॉक झालेलाच होता.

स्विंग संपल्यावर ग्राउंड लॉक पिना, म्हणजे जमिनीवर असताना लॉक सुटू नये म्हणून घालायच्या लाल फिती लावलेल्या पिना, बसवण्याचे काम माझ्याकडे आले. लॉक-स्टे नीट पलीकडे गेलेला असेल तरच भोके जुळतात. माझ्या हातातली पहिली पिन अडखळली नाही, सरळ आत गेली. पुढे जॅक काढून विमान सोपवताना वरिष्ठांनी त्याच तीन पिना मला माझ्याच हातांनी काढायला लावल्या, कारण त्या तशाच राहिल्या तर उड्डाणानंतर चाके वर जातच नाहीत. मी लाल फिती मोठ्याने मोजल्या, त्यांनी पुन्हा मोजल्या, आणि मगच नोंदवहीत सही झाली.