बोर्डोची वाईन आणि अळणी रस्सा

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेच्या टायमाला मेव्हणा आलेला, तो फ्रान्समध्ये टुलूजला असतो, तिथून बोर्डो रेल्वेनं दोनेक तासावर. येताना बॅगेत एक बाटली घेऊन आला, आणि गुंडाळून आणली कशात, तर लग्नात आम्हीच त्याला दिलेल्या सोलापुरी चादरीत. बोर्डोजवळच्या ओ-मेदोक भागातली रेड वाईन, 2005 ची. आईनं लेबल वाचलं आणि म्हणली, "एक्सपायर झालं नसंल का रे?"

बाटली दोन दिवस ओट्याच्या कोपऱ्यात उभी ठेवली, तळाशी गाळ बसावा म्हणून. तरी बूच काढताना अर्धं तुटून आत पडलंच. मग काय, नवीन चहाची गाळणी, स्टीलचा जग, आणि बाटलीच्या मानेखाली मोबाईलचा टॉर्च. एकदम हळू ओतायचं आणि काळी रेघ मानेकडं सरकायला लागली की थांबायचं. खाली उरलेलं दोन-तीन चमचे आईनं कढीपत्त्याच्या कुंडीत ओतून टाकलं.

रंग जांभळा नव्हताच, कडेला वीटकरी झालेला. मेव्हणा म्हणला, कॅबर्ने द्राक्षाच्या नव्या वाईनमध्ये जो तुरटपणा असतो ना (आपल्या डाळिंबाचं साल चावल्यावर होतं तसं तोंड), तो वर्षानुवर्षं रंगाबरोबर एकमेकाला चिकटत जातो, जड होतो आणि खाली बसतो, तोच हा गाळ. म्हणून जुनी वाईन जिभेला मऊ लागते. वास मात्र मला फळाचा आलाच नाही, शाळेत पेन्सिलला टोक करताना शार्पनरमधून भुस्सा निघायचा बघा, डिट्टो तो, आणि मागून थोडी ओली माती. मी ग्लासात नाक घालून बसलेलो तर शेजारचा दोस्त म्हणतोय, "वास घ्यायलास का प्यायलास बे, मटण गार व्हायलंय."

इथं चूक झाली. काळ्या रश्श्यात भाकरी बुडवून खाल्ली आणि वर घोट घेतला, तर वाईन गायबच! नुसता कडूपणा, आणि तिखट दुप्पट चढलं, दारूनं मिरचीची आग वाढते हे विसरलोच होतो. वीस वर्षं जपलेली वस्तू एका घोटात वाया.

मग आईनं लेकरांसाठी बाजूला काढलेला अळणी, म्हणजे आमच्याकडं बिनतिखटाचा, रस्सा होता, हळद-मीठ-आलं-लसणातला, त्यातली चरबीवाली फोड आणि कडक भाकरीचा तुकडा. आता घोट घेतला तर आहाहा. चरबीनं आणि मिठानं उरलासुरला तुरटपणा पण गेला आणि मागं चक्क गोडसर काहीतरी राहिलं, मनुक्यासारखं. लेकरांच्या वाटणीचं मटण आम्हीच संपवलं, त्यावरून बायकोच्या शिव्या खाल्ल्या ते वेगळं.

शेवटचा ग्लास मी पुरवून पुरवून प्यायचा म्हणून तासभर ठेवला आणि तिथंच फसलो. वासच उडाला होता. इतकी जुनी वाईन हवेत फार टिकत नाही म्हणे, हे मेव्हण्याला आधी सांगायला काय झालं होतं!

पुढच्या खेपेला नदीच्या पलीकडची, सेंत-एमिलियोंची आणतो म्हणालाय, तिकडं मेर्लो जातीची द्राक्षं जास्त असतात. आण म्हणलं, पण डिसेंबरातच ये, मे मध्ये इथं 43 डिग्रीला वाईनचाच रस्सा होईल.