व्हालेन्सोलमध्ये न दिसलेले लॅव्हेंडर

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दक्षिण फ्रान्समधील व्हालेन्सोलच्या पठारावर पोहोचलो, तेव्हा छायाचित्रांत पाहिलेल्या जांभळ्या रांगांच्या जागी कापणी होऊन गेलेली करडी-हिरवी खुंटे उरली होती. चूक आमचीच होती, कारण तिथला बहर साधारणपणे जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत असतो आणि आम्ही तिकिटे काढताना केवळ रजेचा हिशेब पाहिला होता. अर्थात वेळेवर गेलो असतो, तरी तिथे बहुतांशी लॅव्हेंडिनच दिसले असते. हे पीक खरे लॅव्हेंडर आणि रुंद पानांचे स्पाइक लॅव्हेंडर यांच्या संकरातून आलेले आहे. त्याला बी धरत नाही, त्यामुळे त्याची लागवड छाटकलमांनीच करावी लागते.

खरे लॅव्हेंडर भेटले ते दुसऱ्या दिवशी, सो या गावाच्या वर, मों व्हाँतू पर्वताकडे चढणाऱ्या चुनखडीच्या उतारावर. तिथे ओळी नाहीत, मातीही जेमतेमच. दगडांच्या फटींतून गुडघ्याइतकीही उंची नसलेली झुडपे विखुरलेली होती. ओळखण्याची खूण सोपी आहे. लॅव्हेंडिनच्या दांड्याला मुख्य मंजिरीखाली सहसा दोन बाजूंना आणखी फाटे फुटतात, तर इथे एका दांड्याला एकच मंजिरी होती. पाने अरुंद, कडा खाली वळलेल्या आणि अंगावर करडी लव. पाण्याविना महिना काढण्याची सारी तयारी त्या बोटाएवढ्या पानात दिसते. मंजिरी हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे, कारण ही वनस्पती तुळशीच्याच कुळातील आहे.

आम्ही एका झुडपाशी बराच वेळ बसलो. मधमाश्या येत होत्या, परंतु बंबलबी जातीचे केसाळ भुंगे त्यांच्यापेक्षा कितीतरी चपळ होते. जीभ लांब असल्याने फुलाच्या अरुंद नळीतला मधुरस चटकन ओढून ते पुढच्या फुलावर जात. काही मंजिऱ्यांच्या पाकळ्या गळून गेल्या होत्या, तरी त्या चोळल्यावर बोटांना वास लागला, कारण तेलाच्या बारीक ग्रंथी मुख्यतः फुलाच्या निदलपुंजावर, म्हणजे पाकळ्यांखालच्या बाहेरच्या वेष्टनावर असतात. लॅव्हेंडिनमध्ये कापराचा जो उग्रपणा जाणवतो, तो इथे जवळजवळ नव्हता.

पुढे जाणाऱ्यांनी सो परिसरासाठी जुलैचा मध्य धरावा. उंचीमुळे तिथला बहर व्हालेन्सोलपेक्षा उशिरा येतो. १५ ऑगस्टला गावात लॅव्हेंडरचा उत्सव भरतो, मात्र फुलांसाठी त्या तारखेवर विसंबू नये, तोवर बहुतेक शेतांची कापणी उरकलेली असते. पॅरिसहून अव्हिन्यॉनपर्यंत वेगवान रेल्वेने तीन तासांच्या आत पोहोचता येते. तिथून सोपर्यंत घाटाचा सुमारे दीड तासाचा रस्ता असून बसफेऱ्या विरळ असल्याने मोटार भाड्याने घेणे शहाणपणाचे ठरते. तेल विकत घ्यायचे असल्यास बाटलीवर ‘ओत-प्रोव्हान्स’चे संरक्षित भौगोलिक मानांकन पाहावे, १९८१ पासून असलेल्या या मानांकनासाठी लॅव्हेंडर बियांपासून वाढवलेले आणि किमान ८०० मीटर उंचीवरचे असावे लागते.

शेतात शिरताना शेताच्या कडेला ठेवलेल्या मधपेट्यांच्या समोरून जाऊ नये आणि शेतकऱ्याचे रोप तोडू नये. उतारावर सावली अजिबात नाही, तेव्हा सकाळीच निघावे आणि माणशी दोन लिटर पाणी जवळ ठेवावे. वणव्याचा धोका वाढला की प्रशासन काही वाटा त्या दिवसापुरत्या बंद करते. आदल्या संध्याकाळी स्थानिक पर्यटन कार्यालयात चौकशी केल्यास सकाळची फेरी वाया जात नाही.