आर्गन, हेलिआर्क आणि चालणारा कप

आजचा अख्खा दिवस भोसरी एमआयडीसीत, पाइपच्या जॉइंटपाशी उकिडवं बसून. वेल्डर काका साठीला टेकलेले, पण हात दगडासारखा स्थिर. म्हणाले, "रूट आर्गनने मारतो, वरचं रॉडने." रूट म्हणजे जॉइंटचा तळाचा पहिला थर, आणि रॉड म्हणजे नेहमीचं कांडीचं वेल्डिंग.

आर्गन म्हणजे टिग वेल्डिंग: टंगस्टनच्या टोकाशी विजेचा आर्क पेटवायचा, आर्गन वायूच्या आडोशात धातू वितळवून जोडायचा. आपल्याकडे गॅसचं नाव घेतलं की काम भागतं. गंमत म्हणजे अमेरिकेतले जुने वेल्डर यालाच 'हेलिआर्क' म्हणतात. १९४०च्या दशकात नॉर्थ्रॉप या विमान कंपनीत मॅग्नेशियम जोडायला ही पद्धत आली, तेव्हा हेलियम वापरायचे. पुढे आर्गन आला, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. थोडक्यात, दोन्हीकडे बारसं सिलिंडर बघूनच!

'कप वॉक' तर बघितल्याशिवाय कळत नाही. टॉर्चचं, म्हणजे हातातल्या वेल्डिंगच्या दांडीचं, सिरॅमिकचं नोझल म्हणजे कप. तो दोन पाइपांमधल्या खाचेत टेकवून डावी-उजवीकडे डोलवत पुढे न्यायचा. जड कपाट एकट्याने सरकवताना एकेक कोपरा पुढे घेतो ना, तस्संच. पुढे दोन्ही कडा वितळून बारीक भोक पडतं, कुलुपाच्या किल्लीच्या भोकासारखं, म्हणून 'कीहोल'.

मला काळ्या काचेतून नुसता झगमगाट दिसला. काका म्हणाले, "साहेब, उजेड नका बघू. भोक बघा."