मॉरिस मायनर ९४८ : नवा रिलीफ व्हॉल्व्ह बसवला आणि प्रेशर उतरलं

माझ्या मॉरिस मायनरच्या ९४८ सीसी इंजिनात ऑइलचं प्रेशर फार वाढलं की रिलीफ व्हॉल्व्ह उघडून जादा ऑइल सोडून देतो; त्यातला प्लंजर (शंकूच्या टोकाचा पोकळ दट्ट्या) स्प्रिंगने सीटवर, म्हणजे ब्लॉकमधल्या त्याच्या बैठकीवर, दाबलेला असतो. मागच्या नोंदीत चित्र असं होतं: इंजिन पुरतं गरम झालं की गोव्यातल्या पर्वरीच्या चढाला ऑइल प्रेशरचा गेज ५० पीएसआयपाशी अडतो, आयडलिंगला मात्र १६ दाखवतो. बेअरिंग झिजली असती तर आधी आयडलिंगचं प्रेशर कोसळलं असतं. खालचं शाबूत आणि वरचं कापलेलं, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेआधी उघडतोय. म्हणून मुंबईहून नवा प्लंजर आणि नवी स्प्रिंग मागवली. बसवल्यावर वर ४५, गरम आयडलिंगला जेमतेम ८!

हे दोन वेगळे दोष आहेत, हे कळणं महत्त्वाचं. आयडलिंगला व्हॉल्व्ह बंदच असतो, त्यामुळे स्प्रिंग कितीही मऊ असली तरी तिथला आकडा तिच्यामुळे पडत नाही. बेअरिंग शाबूत असताना व्हॉल्व्ह बदलल्यावर तो पडला, तर गळती सीटवर.

आधी स्प्रिंग, कारण ती पटकन उरकते. बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) ए-सिरीज इंजिनाच्या या स्प्रिंगची मोकळी लांबी ७२.६ मिमी, जागेवर बसवल्यावर ५४.८ मिमी, आणि व्हॉल्व्ह उघडायचा ६० पीएसआयला. १७.८ मिमी दाबाला ६०, म्हणजे मिलिमीटरमागे साधारण ३.४ पीएसआय. जुनी स्प्रिंग व्हर्निअरवर ६९.५ भरली: हिशेबाने ५०. 'नवी' भरली ६८: हिशेबाने ४५. गेज दोन्ही वेळा खरं बोलत होता. सुटे भाग विकणाऱ्याने पाकिटावर गाडीचं नाव बरोबर छापलं होतं, लांबी कुणी तपासली नव्हती. स्प्रिंग दुकानातच मोजून घ्या, कुरिअरने मागवत असाल तर व्हर्निअरसकट फोटो मागा.

आता सीट. खात्री करायला नव्या स्प्रिंगसोबत जुना प्लंजर परत घातला: आयडलिंग लगेच १६. जुन्या प्लंजरने ब्लॉकमधल्या सीटवर स्वतःच्या मापाची चाकोरी पाडली आहे आणि नव्याचा शंकू तिच्यात बसत नाही. मग जुनाच का ठेवू नये? कारण पावसाळ्यात गाडी उभी राहिल्याने त्याच्या अंगावर गंजाचे खड्डे पडलेत आणि तो बोअरमध्ये अडकतो. उघडा अडकला तर प्रेशर जाईल, बंद अडकला तर थंड इंजिन सुरू करताना १००च्या वर जाऊन फिल्टरचं पॅकिंग फाटेल.

नव्याने हे काम करणाऱ्यांसाठी: व्हॉल्व्ह झाकणारा डोम नट (घुमटाकार बंद नट) ब्लॉकच्या उजव्या अंगाला, मागच्या टोकाला. रिंग पानाच लावा, उघड्या पान्याने कडा गोल होतात. प्लंजर अडकला असेल तर निमुळती लाकडी काठी त्याच्या पोकळीत ठोकून, फिरवत ओढा. पकड आत घालून बोअरला ओरखडे पाडू नका.

बीएमसीचं सीट घासायचं खास हत्यार १८जी६९ इथे मिळणं कठीण. त्याऐवजी एक जादा प्लंजर घेतला, पोकळीत काठी घट्ट बसवली. प्लंजर बोअरमध्येच सरळ चालतो, त्यामुळे वेगळा गाइड लागत नाही. बारीक ग्राइंडिंग पेस्ट मोहरीएवढी, फक्त शंकूवर. अंगाला जाड ऑइल. पेस्ट अंगाला लागली तर बोअर झिजतो, आणि त्यावर इलाज नाही. हलक्या हाताने मागेपुढे फिरवायचं, उचलायचं, पुसायचं, प्रशियन ब्लू (कुठे टेकतंय ते दाखवणारा निळा रंग) लावून पाहायचं. सुरुवातीला निळा चंद्रकोरीसारखा उमटला, एका बाजूलाच. तो हळूहळू पसरत अखंड, बारीक कडं झाला तेव्हा हात थांबवला. ते कडं पाहून झालेला आनंद या छंदातल्यांनाच कळेल. रुंद कडं करायच्या मोहात पडू नका.

पेस्ट धुणं अत्यावश्यक. चिंधीने पुसून झाल्यावर प्लग काढले, कॉइलची वायर सोडली आणि डोम नट न लावता स्टार्टर फिरवला. पंपाचं ऑइल सीटमधूनच बाहेर येतं आणि पेस्ट सोबत आणतं. समोर पत्रा आणि खाली ट्रे हवाच. मग घासायला न वापरलेला प्लंजर बसवला, थोडा वेळ इंजिन चालवून ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलले. २०डब्ल्यू-५०च घातलं.

स्प्रिंगसाठी बेत असा होता की आखूड नवीखाली जाडी वाढवायची. पण हे लिहिता लिहिता हिशेब पुन्हा मांडला: तिला ४.६ मिमी लागतील, जुनीला ३ मिमी पुरतात. शिवाय जुनी वापरून जेवढी आखूड व्हायची तेवढी होऊन झाली आहे. म्हणून म्हापशाच्या टर्नरकडून ३ मिमीची सपाट चकती करून डोम नटात ठेवली. नाणं घालणारे आहेत. ते नीट मध्यभागी बसत नाही, स्प्रिंग तिरकी दाबते आणि प्लंजर घासतो. चकती घालण्याआधी वेटोळ्यांची संख्या गुणिले तारेची जाडी काढा, ती स्प्रिंगची पूर्ण दबलेली लांबी: तिथपर्यंत व्हॉल्व्ह उघडायला जागा उरली पाहिजे.

आता गरम आयडलिंगला १६, चढाला ५८.

आणखी एक सुचलंय. डोम नटाखाली दोन फायबर वॉशर आहेत, नंतरच्या इंजिनांत एकच तांब्याचा येतो. तो पातळ असल्याने नट आत जाईल आणि स्प्रिंग आपोआप जास्त दाबली जाईल. दोन्ही प्रकारांची जाडी मोजून जेवढा फरक येईल तेवढी चकती लेथवर कमी करावी लागेल. चवथीनंतर ७२.६ ची स्प्रिंग मिळाली तर चकती काढूनच टाकायची.